भागीरथीची पहिली भिंत

आमच्या कोपरीतली भागीरथी नक्की काय शिकली, हे कोणालाच धड सांगता येत नसे. तिची आई मासळी विकता विकता सांगायची, "पोरगी घरं सजवते," आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, लग्नाचे मांडव घालत असेल. १९९१ साल होतं. घरात फर्निचर करायचं तर लोक थेट सुताराला बोलवत. त्याआधी एका बाईने येऊन आपलं घर कागदावर मांडायचं, हे कोणाला पचतच नव्हतं. अशात भागीरथीने स्वतःचं पहिलं काम मिळवलं, डोंबिवलीत, उत्तमरावांच्या दोन खोल्यांचं.

त्यांच्या मुलाचं लग्न तोंडावर आलेलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडून एकच मोठी जागा करायची, असं तिचं ड्रॉइंग होतं. उत्तमराव इतके खूश, की सगळ्या बिल्डिंगला सांगून मोकळे झाले.

कामाच्या दिवशी गवंडी दौलतने भिंतीपुढे नारळ फोडला आणि वरच्या कडेचं प्लास्टर उतरवलं. भागीरथीने मान वर केली. वर भार पेलणारा बीमच नव्हता. वरच्या मजल्याचा स्लॅब थेट त्या विटांवर टेकला होता. वर लहान मुलं धावत असल्याचे आवाज येत होते.

दौलतने घण उचलला.

"थांबा," ती म्हणाली. "ही भिंत पाडली तर वरचं घर खाली येईल. माझं ड्रॉइंग चुकलं."

उत्तमराव तापले. नारळ फुटल्यावर काम थांबवणं म्हणजे लग्नघराला अपशकुन. तिला जमत नसेल तर तिने निघावं, भिंत दौलत पाडेल, असं त्यांनी सुनावलं. दौलतही कुरकुरला, नारळ फोडून त्याने आजवर हात मागे घेतला नव्हता. भागीरथी रडकुंडीला आली. मी तर म्हणेन, कोणीही आलं असतं. पहिलंच काम आपल्या तोंडाने बुडवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"नारळ कामासाठी फोडलाय, या भिंतीसाठी नाही," ती म्हणाली. "काम थांबवत नाही, जागा बदलते. पलीकडचा ओटा तोडून खिडकीखाली नेऊ. जेवणाचं टेबल आत बसेल, हॉल मोकळा होईल."

ओट्याचं नाव निघताच सगळे दाराकडे बघू लागले. तिथे उत्तमरावांची आई, रखमाबाई उभ्या होत्या. तो ओटा त्यांचा. सुनेलाही त्यावरची बरणी इकडची तिकडे करायची सोय नव्हती. ओट्याला हात लावायचा नाही, ही त्यांची पहिली अट होती.

"विचारा आईला," उत्तमराव म्हणाले. "ती काही हो म्हणणार नाही."

रखमाबाईंनी छताकडे पाहिलं. मुलं अजून धावत होती. त्या आत गेल्या. त्यांनी ओट्यावरचा स्टोव्ह खाली उतरवला, मग मिठाची बरणी, मग पोळपाट. रिकाम्या ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाल्या.

"ये रे दौलत," त्या म्हणाल्या. "मार इथं."