भरतच्या घोड्या

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे आमचा भरत वेल्डर जीपखाली लावायच्या लोखंडी घोड्या बनवायचा. दर खेपेची पहिली घोडी तो तिचे पाय वाकेपर्यंत भाताच्या पोत्यांखाली घालायचा. जेवढ्याला वाकली, त्याच्या निम्मं वजन बाकीच्यांवर रंगवायचा.

एकदा कल्याणला निघालेली भरलेली जीप त्याच्या दारात बंद पडली. दामू ड्रायव्हर ती तशीच घोड्यांवर चढवून खाली शिरला.

भरत भडकला, "आधी माणसं उतरव!"

पुढच्या सीटवरून सकुबाई म्हणाली, "मी नाय उतरायची. जागा गेली तर तू देशील?"

तिचं बघून कोणीच हललं नाही. घोड्यांनी सगळ्यांना निमूट पेललं.

त्यानंतरच्या खेपेच्या घोड्यांवर मात्र निम्म्याऐवजी फक्त तिसरा हिस्सा रंगवलेला दिसला.

दामूने विचारलं, "लोखंड हलकं आणलंस काय रे?"

"लोखंड तेच हाय," भरत म्हणाला. "हिशेबात सकुबाई धरली."