बाई आली की उठायचं

विलायतेला जाऊन आलेली बाई म्हणून पेठेतल्या बायका मला अजून विचारतात, तिकडं काय काय बघितलं? राजाचा वाडा बघितला का, बर्फ बघितला का? बघितलं की सगळं. पण खरं सांगू का, त्यातलं निम्मं मी विसरले. ध्यानात राहिली ती बोट. जाताना तीन आठवडे आणि येताना तीन आठवडे, माझा संसार काय तो त्या बोटीवर झाला. बाकीचं सगळं घरकाम.

आमचे हे कोल्हापूर दरबारच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. महाराजांना घोड्यांचा भारी नाद, आणि गावोगावच्या गुराढोरांचीही काळजी. विलायतेला जाऊन वर्षभर शिकून या, असा ह्यांना दरबारातून हुकूम झाला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणून भाऊबंद तोंडं वाकडी करून बसले. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समुद्राचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळंच. पोरगा एकटा गेला तर मडम घेऊन येईल, तेव्हा बायकोला संगं धाडा, असं त्यांनी ठरवून टाकलं. मामंजींपुढं त्यांचं तोंड कधी उघडत नसे. जे सांगायचं ते त्या स्वैपाकघरातून भांडी आपटून सांगत. दोन दिवस अशी काही भांडी वाजली की तिसऱ्या दिवशी मामंजी स्वतःच म्हणाले, "सुनंला बी जाऊ दे." अशी मी विलायतेला निघाले.

आमच्या घरची रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बापय माणसं आधी जेवणार, आम्ही दोघी वाढणार, आणि सगळं आटोपलं की चुलीपुढं बसून राहिलेलं खाणार. सगळ्यांकडं हेच होतं, त्याचं मला दुःख नव्हतं. पण लग्नाला सहा वर्षं होऊन मी ह्यांना जेवताना समोरून कधी पाहिलं नव्हतं. वाढताना वरून दिसायचा तो पटका आणि ताटातला हात. रस्सा आवडला का नाही, ते मी हात किती भरभर चालतो त्यावरून ओळखायची.

मिरजेवरून पुणं, पुण्यावरून मुंबई, आणि मग बोट. आत्याबाईंनी जोतिबाचा गुलाल पुडीत बांधून दिला होता, बोटीला लाव म्हणून. मी कठड्याला चिमूटभर लावला आणि मनातल्या मनात चांगभलं म्हटलं. लगेच एक खलाशी आला आणि फडक्यानं पुसून गेला. मी त्याच्याकडं असं काही बघितलं, की भाषा कळत नसली तरी त्याला कळलं असणार.

आम्ही दुसऱ्या वर्गात होतो. तिथं नवरा-बायको एका खोलीत नाहीत. बायका बायकांत, बापय बापयांत. माझ्या खोलीत मुंबईच्या एक पारशी बाई होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या, लेकीकडं चाललेल्या. त्यांची ही तिसरी खेप. मराठी बोलायच्या, पण वाण्याच्या दुकानात बोलतात तशी. पहिले तीन दिवस त्यांनी माझ्यापुढं भांडं धरलं. ओकून ओकून माझं आतडं तोंडाशी आलं होतं. तिकडं बापयांच्या खोलीत ह्यांचीही तीच गत. चौथ्या दिवशी समुद्र शांत झाला, मीही झाले, आणि बाई म्हणाल्या, आज रात्री मोठ्या दालनात जेवायला यायचं, चांगले कपडे घाल.

बोटीवर रोज संध्याकाळी सण. दिवसभर घातलेलं रात्री चालत नाही. मडमा खांदे न् गळा उघडा टाकून, मोती घालून यायच्या, साहेब काळ्या कोटात. माझ्याकडं चार इरकली लुगडी होती. मी त्यातलं चांगलं नेसून निघाले, तर बाई माझ्या पायांकडं बघायला लागल्या. पोटऱ्या दिसतात, म्हणाल्या, इथं बरं दिसत नाही, लांब मोजे देते. मला रागच आला. त्यांचे खांदे चालतात आणि माझ्या पोटऱ्या चालत नाहीत? काष्टा काही मी सोडणार नाही, असं सांगितलं. पण बाई मनानं चांगल्या, म्हणून लुगडं टाचेपर्यंत ओढून नेसले, डोक्यावर पदर घेतला, आणि गेले.

दाराशी पाऊल टाकलं मात्र, आमच्या टेबलावरचे चारपाच साहेब खडाखड उठून उभे राहिले. मला वाटलं, माझ्या मागून कुणी लाटसाहेब आला. मी पटकन बाजूला झाले, पदर सावरला आणि वाट सोडली. मागं बघते तर कुणी नाही. साहेब उभेच. एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा होता, पलटणीतून निवृत्त झालेला, गुडघ्यानं अधू. तोसुद्धा टेबलाला धरून उभा. पारशी बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुझ्यासाठी उठले ते. बाई आली की उठायचं, बाई बसली की बसायचं. तू बस, नाहीतर त्या म्हाताऱ्याचा जीव जाईल."

माझ्यासाठी आजवर उंबऱ्यातलं मांजरसुद्धा उठलं नव्हतं. काय वाटलं म्हणून सांगू? लाज वाटली, हसू आलं, आणि बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं. त्यात ती खुर्ची जमिनीला ठोकलेली आणि गरागरा फिरणारी. बसले ती टेबलाकडं पाठ करूनच. बाईंनी मला वळवून सरळ केलं.

आमचे हे तेवढे बसून होते. ते आले होते त्याची वर्दी तर आधीच सगळ्यांना लागली होती, कारण पायांत खास सांगून करकर घालून घेतलेल्या चपला. आपल्याकडं चप्पल जेवढी वाजेल तेवढा माणूस भारदस्त. तिथं सगळं दालन माना वळवून बघत होतं. आणि आता बाई आल्या तरी हा माणूस बसलेला. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं भुवई उचलली. दुसऱ्या दिवशी पारशी बाईंनी ह्यांना गाठून चांगलं फैलावर घेतलं. त्या रात्री मी आले तेव्हा हे उठले. मास्तर वर्गात आल्यावर पोरं उठतात तसे, ताठ, भिंतीकडं बघत. पण उठले. आणखी चार-पाच दिवसांनी माझी खुर्ची हेच वळवून द्यायला लागले.

जेवणात आमची वेगळीच फजिती. आपल्याकडं पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "बास झालं" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ताट पुढं करायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट. ह्यांनी इंग्रजीत अदबीनं नको म्हटलं, आणि वाढप्या पुढं गेला. परत आलाच नाही. मटण गेलं, बटाटे गेले, गोड गेलं. हे बिचारे प्रत्येकाला नको म्हणत बसले, कुणीतरी आग्रह करेल म्हणून. दोन दिवस उपाशी. तिसऱ्या दिवशी मी ट्रंकेतले आत्याबाईंचे लाडू काढले आणि डेकच्या एका कोपऱ्यात आम्ही दोघांनी बसून खाल्ले. तोंड भरलेलं असताना हे हसले, आणि त्यांच्या मिशीवर लाडूचा चुरा पडला. लग्नाच्या सहा वर्षांत नवऱ्याला मी तेव्हा पहिल्यांदा समोरून खाताना पाहिलं.

डेकवर फिरायचीही रीत होती. संध्याकाळी जोडप्यानं फिरायचं. आम्हीही निघालो, आपल्या पद्धतीनं, हे पुढं आणि मी दहा पावलं मागं. कोल्हापुरात ठीक, पण बोटीवर डेकची वाट गोल फिरून तिथंच येणारी. ह्यांची चाल उचलती. दोन फेऱ्या झाल्या आणि हेच माझ्या मागून आले. मग मी थांबायची, ते पुढं जायचे, मग मी चालायची. पारशी बाई धावत आल्या, काय भांडण झालं म्हणून विचारायला. सगळी बोट म्हणे हळहळत होती की ह्या काळ्या जोडप्याचं पटत नाही. आम्ही हसून हसून कठड्याला टेकलो. त्यानंतर ह्यांनी चाल कमी केली आणि मी वाढवली, की झालं.

मग रोज बोलणं. माहेरचा चंदगडचा पाऊस सांगितला, माझी धाकटी बहीण गेली तेव्हाचं सांगितलं. ह्यांनी एका शिंगराचं सांगितलं, ते हातातच मेलं होतं आणि हे तबेल्यात रडत बसले होते. घरात असतो तर असलं कधी बोलला असता हा माणूस? जेवताना ते मला विचारायचे, आवडलं का? आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय हात लावायचे नाहीत, कारण तीही तिथली रीतच.

वर्ष संपलं, परतीची बोट लागली. ती तशीच, रीती त्याच, आता आम्हाला सगळं येत होतं. पण मुंबई जवळ आली तशी मी ताटातलं नुसतं चिवडायला लागले. शेवटच्या रात्री ह्यांनी विचारलं, काय होतंय?

मी म्हटलं, "उद्यापासून मी परत उभी."

ह्यांनी हातातला काटा ताटात ठेवला. मग म्हणाले, "बघू की."

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी भाऊबंदांना जेवायला बोलावलं. पंगत बसली. मी तांबड्या रश्श्याचं पातेलं घेऊन माजघरातून बाहेर आले, आणि आमचे हे ताटावरून उठून उभे राहिले.

पंगतीतले हात थांबले. मामंजींनी वर बघितलं. "काय रं, काय चावलं का?"

"न्हाय," हे म्हणाले आणि उभेच राहिले. मी बसल्याशिवाय बसायचं नाही हे अंगात मुरलेलं, आणि मी पातेलं घेऊन बसणार कुठं? कसंबसं वाढून मी आत पळाले, तेव्हा हे बसले. मग जी खसखस पिकली! एक चुलते म्हणाले, महाराज आल्यावर उठतात तसा हा बायकोला उठतोय. संध्याकाळपर्यंत पेठभर झालं. मामंजींनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, बोटीची सोंगं बोटीवर.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले. ह्यांचे गुडघे हलले, अर्धे उठले, आणि बापाकडं बघून पुन्हा बसले. मान खाली. मला वरून परत तो पटका दिसला. आत येऊन मी कांदा चिरायला घेतला आणि मनसोक्त रडले. कांद्याचं निमित्त आत्याबाईंना पटलं नाही. त्यांनी विळी माझ्याकडून काढून घेतली आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. खुर्ची सांगितली, लाडू सांगितले, पहिला घास सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग एकच विचारलं, "म्हातारं बी उठत्यात?"

"व्हय. एकाचे गुडघे दुखत होते, तरी उठायचा."

विळी पुढं ओढून त्या कांदा चिरायला लागल्या. भांडी आपटली नाहीत, त्याचीच मला भीती वाटली.

पुढच्या दुपारी मामंजी आणि हे दोघंच जेवायला बसले होते. आत्याबाईंनी पातेलं स्वतः उचललं. मी भाकरीची टोपली घेऊन मागं. उंबरा ओलांडून त्या मामंजींच्या ताटापुढं उभ्या राहिल्या आणि वाढेचनात. मामंजी थांबले, वाट बघितली, मग विचारलं, काय पायजे? आत्याबाई म्हणाल्या, बोटीवर बाई आली की उठत्यात म्हणं.

"ही बोट न्हवं. घर हाय."

"व्हय. ह्या घरात चाळीस वर्सं मी उभी हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी एकडाव उठा."

आवाज चढलेला नव्हता. पण भांड्याच्या मध्यस्थीशिवाय त्या मामंजींशी बोललेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मला वाटलं, आता ताट भिरकावलं जाणार. मामंजींनी त्यांच्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, आणि भिंतीला हात लावून, कण्हत, उठले. त्यांच्याबरोबर आमचे हेही उठले, मोकळा श्वास सोडत.

"बसा आता," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मामंजी मोठे वस्ताद. "कसं बसू? बाई बसल्याबिगर बसायचं न्हाय, अशी रीत हाय न्हवं? पोरगं सांगत होतं. तू बस आदी."

आता आत्याबाई अडकल्या. नवऱ्यासमोर ताटावर बसायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. पातेलं हातात धरून त्या माझ्याकडं बघायला लागल्या, एखाद्या नव्या नवरीनं बघावं तसं. मी पातेलं घेऊन मधोमध ठेवलं. ह्यांनी कोपऱ्यातले दोन पाट आणले. एक आईसाठी मांडला. दुसरा माझ्यासाठी मांडला, आणि ठेवताना बोटीवरच्या खुर्चीसारखा उगाच थोडा वळवला.

आम्ही बसलो. बापय माणसं बसली. ताटं वाढून झाली, आणि कुणीच जेवेना. बाईनं पहिला घास घ्यायचा म्हणून हे थांबलेले. सासूच्या आधी मी कशी खाऊ? आणि आत्याबाईंनी नवऱ्याच्या आधी घास घेणं शक्यच नव्हतं. रश्श्यावरचा तवंग गोठायला लागला.

"खा की गं आता," मामंजी म्हणाले. "भूक लागलीया मला."

आत्याबाईंनी पदर तोंडाशी धरला, भाकरीचा तुकडा मोडला, आणि खाल्ला.