आमची विहीर कायद्यात बसली

ऐका ना, दोन वर्षं आमच्या विहिरीचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसायचं. अन वास असा की म्हशी तोंड लावायच्या अन मान फिरवायच्या. शेताच्या वरच्या अंगाला मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना हाय. त्यानं सांडपाण्यासाठी भलंमोठं तळं खांदलंय, तळाला प्लास्टिक न्हाई, काही न्हाई, नुसती माती. ते तिथं मुरायचं अन आमच्या विहिरीत यायचं.

वडील वैतागून एकदा म्हणाले, "बुजवून टाकू." ती विहीर आईवडिलांनी लग्नानंतर दोघांनी मिळून खांदलेली! आई स्वतः आत उतरून टोपल्या भरायची. हे ऐकलं अन ती हातातलं काम टाकून विहिरीच्या काठावर जाऊन बसली. मी बीडला वकिलीच्या पहिल्या वर्षाला होते. म्हणलं थांबा, मी प्रदूषण मंडळाकडं अर्ज करते.

केला! अन खरंच प्रदूषणवाले साहेब नमुना घ्यायला आले, सोबत कारखान्याचे मॅनेजर. मी रुबाबात बादली सोडली, ओढली, अन बघते तर काय, पाणी जवळजवळ स्वच्छ!

साहेबांनी बादली नाकाजवळ नेली. "यात टीसीएल टाकलंय का?" म्हणजे ग्रामपंचायत टाकीत टाकते ती पाणी साफ करायची पावडर.

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, छाती काढून पुढं. "टाकलं की साहेब, आख्खी पिशवी! सरकारी माणूस दारात येणार, त्याला घाण पाणी कसं दाखवायचं?"

"काकाऽऽ!"

"कावून वरडायली? पाहुणे यायच्या आधी अंगण झाडत न्हाई का आपण?"

मॅनेजर इतके हसले की त्यांना खोकला आला. वडील दात खात म्हणाले, "तुला कुणी सांगितलंतं बे हात लावायला?"

साहेब मात्र शांत. "आता नमुन्यात तुमची पावडर निघेल, त्यांचं सांडपाणी नाही. मी महिन्यानं येतो. तोवर कुणी काहीही टाकू नका."

आमी सगळं पाणी उपसलं. काका स्वतःहून राखणीला बसले, कुणी जवळ आलं की "लांब, लांब!" विहीर भरत आली तसा चहाचा रंग परत चढला. घाण पाणी बघून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता!

साहेब परत आले तवा मॅनेजर वेगळंच बोलायला लागले. "आमचा एक थेंब कुंपणाबाहेर जात नाही साहेब. नाला दाखवा, पाइप दाखवा. कायदा नदीनाल्यात सोडण्याबद्दल आहे."

महिनाभर मी तेच तर वाचत होते! मोबाइल काढला. कायद्याचं पान उघडून साहेबांसमोर धरलं. "सर, पाणी प्रदूषणाच्या कायद्यात नदीओढ्यांच्या जोडीला जमिनीखालचं पाणी पण लिहिलंय. विहीर तर वेगळी, नावानिशी. जमिनीवर सोडणं पण चालत न्हाई. पाइप कावून लागंल? मधी माती हाय की!"

मॅनेजरनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

विहिरीच्या बाटल्या भरल्या, तळ्याच्याही भरल्या. सगळ्यांवर सील, अन तळ्याच्या बाटल्यांवर मॅनेजरची सही. सही करताना पेन इतका दाबला की कागद फाटतोय का असं वाटलं.

तपासणीत दोन्हीकडं तीच घाण निघाली. अन कारखान्याला मंडळाचा आदेश आला!! तळं उपसा, तळाला अस्तर घाला, तोवर त्यात काही सोडायचं न्हाई, अन या शेतकऱ्याला पिण्याचं पाणी टँकरनं द्या. वडिलांनी एकच विचारलं, "आपली विहीर लिहिलीय का त्यात?"

"गट नंबरसकट, बाबा."

तो कागद मी तीनदा मोठ्यानं वाचला. तिसऱ्यांदा आईनं चूल सोडून बाहेर येऊन ऐकला.

पाणी लगेच साफ होणार न्हाई, हे साहेबांनी सांगितलंय. जमिनीत मुरलेलं निघायला वेळ लागतो. पण रंग थोडा फिका झालाय, मी शप्पथ सांगते! अन आमच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरींचे अर्ज आता मीच लिहायलेय.

मागच्या आठवड्यात तळ्यात प्लास्टिक अंथरत होते. मी अन वडील स्कूटीवर बघायला गेलतो. रस्त्यावरूनच, कुंपणाला धरून. वडील टाचा उंचावून आत बघत होते. मग एकदम आतल्या कामगाराला ओरडले, "ए, तो कोपरा नीट दाब की बे! खाली आमची विहीर हाय!"

अन त्यानं खरंच परत येऊन दाबला.