देवघरातले दोन घोडेस्वार

कार्तिक अमावास्या. दुसऱ्या दिवशी खंडोबाचं नवरात्र बसणार, म्हणून निमोण्याच्या घरी मी चिंचेनं देव घासत होते. घोड्यावरच्या खंडोबाचा चांदीचा टाक इतका झिजला होता की तोंड ओळखू येईना. असा टाक आमच्यात पुजत नाहीत. सोनाराकडे देतात; जुन्याची चांदी वितळवून नव्यात घालतात. सासूबाईंनी त्याच्यावरची हळद पुसली.

"पुढं खंडोबा, मागच्या घोड्यावर म्हाळसा, उलट्या बाजूला बाणाई. सोनाराला नीट सांग."

शिरूरच्या सोनारानं भिंग लावलं, मग मोबाइलवर तसंच चित्र शोधून दाखवलं.

"वहिनी, हे रोमचं नाणं हाय. दोन हजार वर्षांचं. हे दोघं जुळे भाऊ, डोक्यावर एकेक तारा. आन् तुमची बाणाई म्हंजी रोम नगरीची देवी. शिरस्त्राणाला पंख बघा."

"आम्ही तो पटका समजत होतो."

"उडत आली म्हणायची बाणाई!" तो हसला. "वितळवू? सकाळी भट्टी लावतो."

मला घटापाशी टाक हवा होता. "वितळवा," म्हणाले आणि एसटी पकडली.

घरी आल्यावर कशातच मन लागेना. पीठ दोनदा चाळलं, घासलेली समई पुन्हा घासली. सांगायचं नव्हतं, तरी चहा देताना सासूबाईंना सांगून टाकलं.

"मग मी इतकी वर्षं हळद कुणाला वाहिली गं?"

"दोन भावांना."

"आन् बाणाई?"

"ती एका गावाची देवी, आत्या."

"मंग गावदेवीच की!" चहा तसाच ठेवून त्या देवघरापर्यंत गेल्या, रिकामी जागा बघून परत आल्या. "सकाळीच वितळणार?"

"व्हय. जुन्याची चांदी नव्यात गेली पाहिजे, तुम्हीच म्हणता."

"नव्यात घरची कुठली बी चांदी गेली म्हंजी झालं. तोंड झिजलं म्हणून म्हातारीला कुणी भट्टीत घालतं व्हय? गुडघे धड असते तर मीच गेले असते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शिरूर गाठलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. सोनारानं शटर वर केल्याबरोबर माझे लग्नातले चांदीचे तोडे त्याच्यापुढे ठेवले. "हे वितळवा," म्हणाले, "आणि ते नाणं आधी इकडं द्या."