शालूने भरलेली शाई

दवाखान्यात आमचं शेवटचं बोलणं झालं ते प्रिंटरवर. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माणसाने निरोपाचं काही बोलावं की नाही? पण शालूने, म्हणजे माझ्या बायकोने, तोंडावरचा मास्क जरा बाजूला सारला आणि विचारलं, "आज पान काढलं का जी? उन्हाळा आहे, शाई सुकून जाईन." मी चिडलोच. म्हटलं, तू आधी बरी होऊन घरी चल. संध्याकाळी ती गेली...

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी प्रिंटर आला तो मुलीच्या कॉलेजसाठी. नोकरी लागून मुलगी पुण्याला गेली आणि प्रिंटर शालूच्या गळ्यात पडला. कुठलासा व्हिडिओ पाहून तिने सिरिंज आणि शाईच्या बाटल्या आणल्या, आणि दुपारी ओट्यावर पेपर पसरून ती कार्ट्रिज भरू लागली. वरचं स्टिकर सोलायचं, बारीक भोकातून हळूहळू शाई सोडायची, मग खालचा भाग सुती कापडावर टेकवून शाई उतरली का ते बघायचं. पहिल्याच खेपेला पिवळ्याच्या भोकात निळी गेली आणि शेजारचा लग्नाचा मुलगा बायोडेट्यावर हिरवागार उमटला. त्याची आई रागावेल म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, तर बाहेर दोघी हसून हसून बेजार. पुढे गल्लीतले सगळे बायोडेटे, पोरांचे प्रोजेक्ट, महाप्रसादाची पत्रकं आमच्याकडेच छापली जायची. हळदीकुंकवाला बायका तिची निळी बोटं धरून चिडवायच्या, "काय वं शालू, मेंदी अशी काहून रंगली?" आता आमची बेल वाजत नाही. मी आधीपासूनचा तुसडा, माझ्याकडे कोण कशाला येईल?

कार्ट्रिज पूर्ण रिकामं होऊ द्यायचं नाही, हा तिचा नियम. म्हणायची, "थोडी असतानाच भरा लागते. एकदा कोरडं पडलं का मंग काही खरं नाही."

ती गेल्यावर मी भलत्याच पेचात सापडलो. रोज पान काढावं, तर तिने भरलेली शाई संपते. न काढावं, तर नागपूरच्या उन्हात ती आतल्या आत सुकते. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तो डबा टाकून द्या, मी नवीन पाठवते. मी विषय बदलला. लोणचं संपलं, तिखटाचा डबा संपला, तुझ्या आईच्या हातचं घरात आता एवढंच उरलंय, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

छापायला माझ्याकडे काय असणार? जेवण झालं की जे खाल्लं तेच छापतो. 'आज वरण-भात.' 'आज पोहे, मीठ जास्त झालं.' परवा अक्षरं फिकी आली. कार्ट्रिज न भरता तसंच ठेवून द्यावं, असं फार वाटलं. शेवटी ओट्यावर पेपर पसरला, सिरिंज घेतली. निम्मी शाई पेपरवर गेली. उरलेली मात्र आत उतरली, तिच्या शाईत मिसळली. आता त्यातली तिची कुठली आणि माझी कुठली, देव जाणे.

मग पान काढलं. 'आज खिचडी, एकट्यापुरती.' ओळ काळीभोर, ठसठशीत आली. जमलं की मला! ते पान घेऊन मी हॉलपर्यंत गेलो, मग बेडरूमच्या दारापर्यंत... आणि दाखवायला कुणी नाही म्हणून तिथेच बसून मोठ्याने रडलो.