गाडी आली नाही म्हणून

नव्वदच्या दशकात, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात मुक्कामाची एसटी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

ही गाडी संध्याकाळी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला जायची. कॉलेजला जायला मला दुसरं साधन नव्हतं. वडील गवंडीकाम करायचे. आमच्या बौद्ध वस्तीतून विज्ञान शाखेला गेलेली मी पहिलीच मुलगी. वडिलांची अट साधी होती : एका दमात पास झालीस तर बी.एस्सी.ला औरंगाबादला पाठवतो, नाहीतर तालुक्यातच शिकायचं. तालुक्याला बारावीनंतर फक्त कला शाखा होती.

त्या दशकात विद्यापीठाच्या नावावरून रान पेटलं, अयोध्येनंतर दंगली झाल्या, मुंबईत स्फोट झाले, किल्लारीला भूकंप झाला. यातलं काहीच आमच्या गावात घडलं नाही. गावात एवढंच व्हायचं की गाडी यायची नाही. बंदमध्ये पहिला दगड एसटीवर पडतो, म्हणून डेपोवाले मुक्कामाच्या गाड्या आधी थांबवायचे. त्यावरून गावाने नियमच करून टाकला होता : गाडी आली म्हणजे सगळं ठीक, नाही आली म्हणजे बाहेर काहीतरी झालंय. पेपरही याच गाडीने यायचा, त्यामुळे खातरजमा करायची सोय नव्हती.

दिवेलागणीला पारावर माणसं जमली.

“जालन्याला कायतरी झालं,” हॉटेलवाला म्हणाला.

“तुला कोण सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? गाडी आली का?”

अर्ध्या तासात त्याने स्वतःचं हॉटेल बंद केलं. ते पाहून किराणावाल्याने फळ्या लावल्या. किराणा दुकान बंद दिसलं म्हणून पिठाची गिरणी थांबली. जेवणाच्या वेळेपर्यंत जालन्यात कर्फ्यू लागला होता, म्हणजे आमच्या गावापुरता.

सकाळी रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या मी वडिलांना मुद्दाम ऐकवल्या. जालन्याचं नावही आलं नाही.

“बघा, काही झालं नाही.”

“रेडिओवर सांगत न्हाईत, म्हंजे मोठंच झालं असंल,” वडील म्हणाले.

पोस्टातला फोन बंद होता. तो महिन्यातले बरेच दिवस बंदच असायचा. त्या दिवशी मात्र तार कापल्याचं ठरलं. मी सायकलवर जाते म्हणाले.

“न्हाई माय. बिलकुल न्हाई.”

“बाबा, परीक्षक एकच दिवस असतात.”

“मी जळालेली घरं पाह्यली हायेत. तू न्हाई पाह्यली.”

घरं त्यांनी खरंच पाहिली होती, नामांतराच्या दंगलीत, दुसऱ्या गावांत. पण त्या सकाळी कुठेही काही जळत नव्हतं आणि हे त्यांना पटवता येईल असा एकही माणूस गावात नव्हता. तोवर दूधवाले नेहमीसारखे आडवाटेने कॅन घेऊन तालुक्याला गेले होते. त्यांना कुणी अडवलं नाही आणि मला पोचवायलाही कुणी सांगितलं नाही.

दहाच्या सुमारास तालुक्याहून भाजीचा टेम्पो आला. पारावरची मंडळी त्याच्याभोवती जमली.

“तिकडं काय करून राह्यले लोक?”

“काय करतेत? चहा पिऊन राह्यले. बाजार बराबर चालू हाये.”

“मंग गाडी का न्हाई आली?”

“मला काय विचारता? मी काय डेपो मॅनेजर हाये? गाडी रस्त्यात उभी हाये, स्प्रिंगचा पाटा तुटलाय तिचा. कंडक्टर मागच्या सीटवर झोपेल हाये.”

कुणी हसलं नाही. हॉटेलवाल्याने हॉटेल उघडलं आणि पाटा खरंच तुटला की कुणी तोडला, यावर चर्चा सुरू केली.

भाजी विकून टेम्पो परत निघेपर्यंत दुपार झाली. वडील माझ्यासोबत मागे बसले. तालुक्याला पोचलो तेव्हा बाजारातली निम्मी शटर खाली होती. वडील माझ्याकडे बघून म्हणाले, “मी काय सांगत होतो?”

एका ओळखीच्या दुकानदाराला मी विचारलं, काय झालं?

“तुमच्या गावाकडं बंद हाये म्हनतेत. दूधवाल्यानं सांगितलं. काल सांच्यापासून सगळं गाव बंद.”

“काका, आम्ही तिथूनच आलोय. गाडीचा पाटा तुटलाय.”

“असंल. पर गावात बंद व्हता का न्हाई?”

बंद होता.

कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप होतं. रसायनशास्त्राचे सर व्हरांड्यात भेटले. दुसरी बॅच त्यांनी घाईने उरकली होती. वातावरण बिघडतंय असं कळल्यावर बाहेरून आलेले परीक्षक दुपारच्या गाडीने औरंगाबादला निघून गेले होते.

“तुला थांबवून घेतलं असतं मी,” सर म्हणाले. “पण तुमच्याच गावाकडे पेटलंय म्हटल्यावर ते कशाला थांबतात?”

निकालात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकापुढे गैरहजर असा शेरा होता. ऑक्टोबरमध्ये मी परीक्षा पुन्हा दिली आणि पास झाले. पुढच्या जूनमध्ये तालुक्याच्या कॉलेजात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला.