कस्तुराच्या खोलीतली प्रार्थना

महाळुंग्यात कंपन्यांच्या मागे एक चाळ आहे. तिथं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कस्तुरा राहते. राहते कसली, अडकली आहे. नवरा रोहिदास वेल्डर होता. लकव्याचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. उरली ती फक्त एक आईवरची शिवी. पाणी हवं असलं तरी तीच, कूस बदलायची असली तरी तीच. गावी, नेवाशाच्या चर्चमध्ये हाच माणूस गीतं सुरू करून द्यायचा. आता शिवीचा आवाज चढला की कस्तुरा आधी दाराला कडी घालायची, मग त्याच्याकडे वळायची.

तिचं कंपनीतलं काम सुटलं. देहूरोडच्या चर्चला जाणंही सुटलं. तिथली मंडळी मोठी, रविवारी माणसं दाराबाहेर उभी राहायची. पाळकसाहेब भले, पण एवढ्या गर्दीत एक बाई दिसेनाशी झाली हे कुणाच्या ध्यानात येणार? नाताळही तसाच गेला. खिडकीतून समोरच्या शेडचा पत्रा तेवढा दिसायचा. देवानंही आपल्याला टाकलं, असं तिला वाटू लागलं.

एक दिवस शेजारच्या चाळीतल्या गोजाबाईंनी दार वाजवलं. त्यांच्याकडे दर गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीला, चार-पाच जण प्रार्थनेला जमायचे.

"तुला येता येत न्हाई, तर आमीच येतो."

"नको मावशी. हे काहीबाही बोलतात."

"बोलू दे की. आमचे कान काय सोन्याचे हायेत?"

गुरुवारी दुपारी चौघं आली. खोलीत फिनेलचा आणि लघवीचा वास कोंडलेला. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या जयसिंगनं गीत काढलं. दुसऱ्या कडव्याला रोहिदासनं शिवी हासडली, मग आणखी मोठ्यानं. कस्तुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयसिंग गाता गाताच उठला, रोहिदासजवळ बसला, त्याची लाळ पुसली. "पाणी देऊ का, भाऊ?" म्हणाला आणि पुढचं कडवं धरलं.

गीत संपल्यावर गोजाबाईंनी विचारलं, "कस्तुरा, प्रभूकडं काय मागू तुझ्यासाठी?"

यांना बरं वाटू दे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. निघालं भलतंच.

"मला वाटतं, हे जावेत. एकदाचे जावेत, म्हणजे मी सुटेन."

रोहिदासचे डोळे तिच्यावरच होते.

कुणी बायबलमधलं वचन वाचून दाखवलं नाही. गोजाबाई म्हणाल्या, "माझी सासू अशीच पडून व्हती. मीबी हेच मागायची. आजवर कुनाला बोलले न्हाई." मग त्यांनी कस्तुराच्या पाठीवर हात ठेवला. "जा, जरा खाली फिरून ये. आमी हाय हितं."

ती चौकापर्यंत गेली. कंटेनर धडधडत जात होते. कुठं जायचं हेच तिला सुचेना. थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. तेव्हा जयसिंग रोहिदासला कुशीवर वळवत होता.

संध्याकाळी पेज भरवताना तिनं हळूच विचारलं, "ऐकलंत ना मघाशी?" रोहिदासनं तीच शिवी दिली. डावा हात मात्र त्यानं तिच्या मनगटावर ठेवला, तो तसाच राहिला. ती खाली मान घालून रडली.

रोहिदास बरा झालेला नाही. बाकीचे दिवस खोली तशीच, खिडकीतला पत्रा तसाच. मोठ्या चर्चला तिचं अजून जाणं झालं नाही. पण गुरुवारी चौघं येतात, आणि ती बाजारापर्यंत जाऊन येते.